पावणेदोन वर्षांचं जहाज

आधी आवाज येतो. लोखंडावर लोखंड आपटल्याचा, थांबायचं नाव न घेणारा. तुम्ही कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, अलास्काच्या हद्दीजवळच्या प्रिन्स रूपर्ट या बंदरात उभे आहात. वर्ष 1942, जुलै सरत आलाय. रेल्वे जिथे संपते आणि समुद्र सुरू होतो, असं हे छोटं गाव. हवा इतकी ओली, की कपडे अंगावरच दमट होतात. समोरच्या उतारावर एक जहाज जवळजवळ पुरं झालंय.

जरा पुढे व्हा, जहाजाच्या कुशीशी. एक पोरगेलासा माणूस भट्टीत रिव्हेट तापवतोय. लालभडक झालेलं रिव्हेट तो चिमट्यात धरतो आणि वर भिरकावतो. परांचीवर उभा असलेला दुसरा ते डब्यात झेलतो, भोकात बसवतो. आतल्या बाजूने तिसरा वजनदार अवजाराने त्याचं डोकं दाबून धरतो आणि बाहेरून चौथा हवेच्या हातोड्याने त्याचं दुसरं टोक चेचून सपाट करतो. तेवढ्यात भट्टीवाल्याने पुढचं फेकलेलं असतं. अशा लाखो रिव्हेटांनी हे जहाज शिवलंय. अमेरिकेत याच दिवसांत ‘लिबर्टी’ मालवाहू जहाजांचे पत्रे वेल्डिंगने जोडतायत, ते काम लवकर होतं. कॅनडाच्या कारखान्यांची भिस्त मात्र अजून रिव्हेटवर आहे.

एवढी घाई कशासाठी, ते इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. जर्मन पाणबुड्या मालवाहू जहाजं इतक्या झपाट्याने बुडवतायत, की नवी बांधणं त्या वेगाला पुरं पडत नाही. म्हणून ब्रिटनने आपल्या संडरलंडच्या कारखान्यातला एक साधा, खात्रीचा नमुना समुद्रापार पाठवला. 441 फूट लांबी, पोटात पाच होल्ड, दहा हजार टन माल, कोळशावर चालणारं जुन्या पद्धतीचं वाफेचं इंजिन. ब्रिटनकडे कोळसा आहे, तेल बाहेरून आणावं लागतं, म्हणून कोळसा. वेग अकरा नॉट, म्हणजे ताशी वीस किलोमीटर. यात डौल शोधू नका. एक-दोन फेऱ्यांत माल पोचवला तरी जहाजाने आपली किंमत वसूल केली, असा त्या काळचा हिशेब आहे.

बांधलं कॅनडाने, पैसे मोजले अमेरिकेने, चालवायला घेतलं ब्रिटनने. या मालिकेतल्या ब्रिटिशांकडे जाणाऱ्या जहाजांना हडसन्स बे कंपनीच्या जुन्या व्यापारी ठाण्यांची नावं देतात. याच्या वाट्याला आलं ‘फोर्ट स्टिकिन’. ते ठाणं इथून थोडं उत्तरेला, अलास्कात होतं. 1842 साली तिथल्या कंपनीच्या प्रमुखाला त्याच्याच माणसांनी गोळी घातली होती. नाव ठेवणाऱ्याने हा इतिहास मनात आणला असेल असं वाटत नाही.

जहाज उतारावरून घसरून पाण्यात जातं. लोक टाळ्या वाजवतात. उद्या याच उतारावर पुढच्या जहाजाचा कणा पडणार आहे.

पुढची दीड वर्षं झरझर जाऊ द्या. काफिल्यातल्या मालवाहू जहाजाचं आयुष्य एकसुरी असतं: दिवे मालवलेले, आजूबाजूला अशीच मंदगती जहाजं, डोळे पाण्यावर. खलाशी पाणबुडीच्या भीतीत झोपतात आणि उठतात. फोर्ट स्टिकिन या सगळ्यातून तरून निघतं. ज्या मरणासाठी ते बांधलं होतं, ते त्याच्या वाट्याला येत नाही.

1944 चा फेब्रुवारी. तुम्ही बर्कनहेडच्या धक्क्यावर आहात, मर्सी नदीपलीकडे लिव्हरपूल. थंडी हाडांत शिरते. जहाजात उतरणारा माल नीट बघा. लाकडी खोक्यांत सुटी केलेली स्पिटफायर विमानं. तोफगोळे, पाणसुरुंग, टॉर्पेडो, दारूगोळा, मिळून जवळजवळ 1400 टन. त्यातला सुमारे 238 टन भाग अतिसंवेदनशील, ‘अ’ वर्गाचा. आणि दोन नंबरच्या होल्डमध्ये, पोलादी पेटीत बंद केलेल्या 31 लाकडी खोक्यांमध्ये सोन्याच्या 124 विटा. एकेक वीट बारा किलोंहून जड, प्रत्येकीवर क्रमांक. हे सोनं मुंबईला जायचंय, युद्धकाळात डगमगणाऱ्या रुपयाला आधार म्हणून.

24 तारखेला जहाज निघतं. जिब्राल्टर, पोर्ट सैद, सुएझ. मार्चअखेर कराची.

कराचीत थांबा, कारण जे व्हायचं त्याची तयारी इथे होते. विमानांची खोकी उतरवली जातात आणि होल्ड मोकळे होतात. युद्धात रिकामी जागा घेऊन जहाज हाकणं पाप समजलं जातं. धक्क्यावर मुंबईला जायचा माल साचलाय, दुसरं जहाज नाही. मग भरा याच्यातच. कापसाच्या 8700 गाठी. लाकडाचे ओंडके, भंगार लोखंड, गंधक, राळ, तांदूळ, मासळीचं खत. वंगणतेलाची हजारावर पिंपं, त्यांतली काही गळकी.

कॅप्टन अलेक्झांडर नेस्मिथ कुरकुरतो. पेटणारं आणि उडणारं असं सगळंच आपल्या जहाजात भरलं जातंय, हे त्याला स्वच्छ दिसतंय. कापूस नीट घट्ट बांधलेला असला तरी एकदा गाठीच्या आत ठिणगी शिरली की ती दिवसेंदिवस धुमसते. बाहेरून काही कळत नाही, वरून पाणी ओतलं तर आत जात नाही. त्यात तेल लागलं तर विचारायलाच नको. कापूस आणि दारूगोळा एका जहाजात नसावा, हे बंदरातल्या पोरालाही कळतं. पण नेस्मिथचं म्हणणं ऐकून पुढे काय करणार? दुसरं जहाज कुणाकडे आहे? दोन नंबरच्या होल्डमध्ये तळाला कापूस, वर लाकूड आणि इतर माल, त्याच्याही वर स्फोटकं, अशी रचना होते. तुम्ही कितीही ओरडलात तरी इथे तुमचा आवाज पोचत नाही. तुम्ही फक्त बघू शकता.

9 एप्रिलला कराची मागे पडते. 12 तारखेला मुंबई.

आता सावकाश चला, प्रत्येक गोष्ट बघत. व्हिक्टोरिया डॉक म्हणजे दगडी बांधाने वेढलेलं चौकोनी पाणी, तोंडाशी झडपांचा दरवाजा, कडेने शेडी, शेडीमागे रेल्वेच्या वाघिणी. त्यापलीकडे लगेच मांडवी, मस्जिद बंदर, डोंगरी. दाणा बंदरात धान्याची गुदामं, चिंचबंदरात माणसांनी ठासलेल्या चाळी. शेजारीच प्रिन्सेस डॉक, तेही जहाजांनी भरलेलं. इतक्या दाट वस्तीला लागून फोर्ट स्टिकिन एक नंबरच्या धक्क्याला लागतं.

युद्धाआधी असं चालत नसे. दारूगोळ्याचं जहाज गोदीत घ्यायचं नाही, बाहेर खाडीत नांगरून पडावांत माल उतरवायचा, असा नियम होता. युद्धात बाहेर थांबायला वेळ नाही म्हणून तो शिथिल केला गेला. डोलकाठीकडे मान वर करा. धोक्याचा माल असला की लाल बावटा लावायचा असतो. तिथे काही नाही. शेजारच्या जहाजावरच्या खलाशांना आपण कशाशेजारी झोपतोय याची कल्पना नाही.

‘अ’ वर्गाची स्फोटकं धक्क्यावर उतरवायची नसतात, थेट पडावांत घ्यायची असतात. पडाव वेळेवर येत नाहीत. तोवर टोळ्या दुसरा माल उपसतात. मासळीच्या खताच्या वासाने धक्का भरून जातो. त्यातच इंजिनाची दुरुस्ती निघते आणि त्याचे भाग सुटे केले जातात. म्हणजे आता जहाज स्वतःच्या बळावर जागचं हलू शकत नाही.

होल्डमध्ये उतरणाऱ्या माणसांकडे बघा. कमरेला धोतर किंवा अर्धी चड्डी, डोक्याला मुंडासं, हातात गाठी ओढायचा आकडा. कुणी साताऱ्याकडचा, कुणी कोकणातला, कुणी उत्तरेतून आलेला. सकाळी गेटवर टोळीवाला उभा असतो, तो हाताला लागतील ती माणसं वेचतो आणि आत नेतो. आज काम आहे, उद्याचं उद्या. त्याच्या टोळीत आज कोण कोण आहे, हे त्याला ठाऊक असतं, कागदाला नाही. मला या जहाजाच्या गोष्टीत सगळ्यात जास्त रुतून बसलेली गोष्ट ही आहे. सोन्याच्या प्रत्येक विटेवर क्रमांक आहे.

शुक्रवार, 14 एप्रिल. मुंबईत अंगाची काहिली करणारं ऊन. साडेबाराला टोळ्या जेवायला वर येतात. शेजारच्या जहाजांवरच्या काहींना याच सुमारास फोर्ट स्टिकिनवरून धुराची बारीक रेघ उठताना दिसते. कुणी काही बोलत नाही. गोदीत धूर कुठे नसतो?

दीडनंतर माणसं परत उतरतात आणि दोन नंबरच्या होल्डमध्ये गाठींच्या फटींतून धूर निघताना बघतात. आरडाओरड होते, माणसं शिड्या चढून भराभर वर येतात. जहाजावरचे नळ सुरू होतात. होल्ड बंद करून वाफ सोडायची, म्हणजे आगीचा श्वास कोंडतो, ही सोयही जहाजांत असते. ती वापरली जात नाही. बंबखान्याला वर्दी जाईपर्यंतही वेळ जातो. बंबवाले येतात, नळ्या होल्डमध्ये सोडतात. खाली काय आहे हे कळल्यावर एकही बंबवाला मागे सरत नाही. आणखी बंब येतात, धक्क्यावर नळ्यांचं जाळं होतं.

आता धक्क्यावर जमलेल्या अधिकाऱ्यांमध्ये जाऊन उभे राहा आणि कान द्या. दारूगोळ्याचे तज्ज्ञ कॅप्टन ओबर्स्ट यांनी मालाची यादी पाहिलीये. ही सारी गोदी उडवायला पुरेल एवढं यात आहे, जहाज बुडवा, असं ते सांगतायत. पण गोदीत पाणी उथळ, बुडवलं तरी जहाज पुरतं पाण्याखाली जाणार नाही. गोदीचे व्यवस्थापक कर्नल सॅडलर म्हणतायत, बाहेर समुद्रात न्या. पण इंजिन खोललेलं आहे, टगांनी ओढत, झडपांच्या दरवाजातून काढत, इतर जहाजांमधून वाट करत न्यायला किती वेळ लागेल? बंबखान्याचे प्रमुख नॉर्मन कूम्ब्स यांना वाटतंय, पाणी मारत राहिलो तर आग आटोक्यात येईल. नेस्मिथला आपलं जहाज वाचवायचंय. जहाजावर अधिकार कॅप्टनचा, धक्क्यावर पोर्ट ट्रस्टचा, दारूगोळ्यावर लष्कराचा, आगीवर बंबखान्याचा. प्रत्येकजण आपल्या हद्दीत शहाणा आहे. चौघांच्या वर उभं राहून हुकूम देणारा कुणी नाही. पुढे अनेकांनी एका निष्काळजी विडीवर बोट ठेवलं, चौकशीतही आगीचं मूळ कापसात असण्याची शक्यता धरली गेली. ते खरं असेलही. पण विडीने आग लागते. दोन तास वाया जाऊ देणं हे माणसांचं काम असतं, आणि इथे माणसं वाईट नव्हती, कुणाच्या हातात पुरता अधिकारच नव्हता. मला याचा आजही राग येतो.

होल्डमध्ये बघा. 900 टनांहून जास्त पाणी आत गेलंय. पण आग कुठे आहे हेच नीट कळलेलं नाही, पाणी वरून पडतंय आणि आग तळच्या गाठींत आहे. पाणी उकळायला लागलंय. तळाशी पाणी साचतंय तसतशा जळत्या कापसाच्या गाठी पाण्यावर तरंगत वर येतायत, विहिरीतली घागर दोराने वर यावी तशा. वर स्फोटकं आहेत. विझवणारं पाणीच आगीला हात देऊन वर घेतंय.

बाहेर धक्क्याच्या बाजूने जहाजाच्या कुशीवरचा रंग फुगतोय, फोड येतायत. आग नेमकी कुठे आहे ते आता दिसतंय. पत्रा कापून तिथून पाणी मारायचं ठरतं. गॅसचा कटर आणतात, पण तो चालत नाही. पावणेचारच्या सुमाराला धूर काळाभोर होतो, मग ज्वाळा डोलकाठीच्या उंचीला जातात. पावणेचार वाजून गेल्यावर जहाज सोडायचा हुकूम निघतो. माणसं पळतात. धक्क्यावरचे बंबवाले नळ्या सोडत नाहीत.

चार वाजून सहा मिनिटं.

जे होतं ते डोळ्यांनी बघता येत नाही. आधी प्रकाश, मग हवा अंगावर भिंतीसारखी येते. जहाजाचे दोन तुकडे होतात. गोदीतलं पाणी उसळून भिंत बनतं, त्यात शेजारची ‘जलपद्म’, सिंदिया कंपनीची हजारो टनांची बोट, उचलली जाते आणि धक्क्यावर आदळते. नळ्या धरून उभे असलेले बंबवाले दिसेनासे होतात. दूरदूरच्या काचा फुटतात. थेट सिमल्यात भूकंपमापक यंत्राची सुई हलते.

जिवंत राहिलेले उठतायत तोवर, साधारण अर्ध्या तासाने, मागच्या होल्डमधला साठा उडतो. हा दुसरा धमाका जास्त जोराचा. दोन्ही धमाक्यांत मिळून जळता कापूस, लोखंडाचे तुकडे आणि सोन्याच्या विटा आकाशात जातात आणि मांडवी, मस्जिद, डोंगरीवर त्यांचा पाऊस पडतो. कापसाच्या पेटलेल्या गाठी चाळींच्या छपरांवर येतात, एक छप्पर पेटतं, मग आळी. जपान्यांनी बॉम्ब टाकला असं लोकांना वाटतं. डोक्यावर गाठोडी घेऊन हजारो माणसं स्टेशनकडे धावतात. डॉक शेडींतून, गुदामांतून आग चालत जाते. पन्नास हजार टनांहून जास्त धान्य जळतं, आणि बंगालात दुष्काळाने माणसं मरून वर्ष झालेलं नाही. गोदीतली डझनभर जहाजं बुडतात किंवा जळून जातात.

डोंगराएवढ्या या आगीत तुम्ही एका घराच्या तिसऱ्या मजल्यावर पोचा. गोदीपासून मैलभर लांब. छप्पर फोडून काहीतरी व्हरांड्यात कोसळलंय. घरातले वृद्ध पारशी गृहस्थ वाकून बघतात. पिवळी वीट, वर क्रमांक. ते ती परत करतात आणि मिळालेलं बक्षीस आपद्ग्रस्तांच्या निधीला देतात.

आग तीन दिवस शहराच्या छातीवर बसून राहते. लष्कर रस्ते अडवतं, वर्तमानपत्रांना बातमी छापू दिली जात नाही. जपानच्या ताब्यातलं सायगाव रेडिओ मात्र दुसऱ्याच दिवशी सगळं सांगून मोकळं होतं. ज्याच्या घरावर छप्पर राहिलं नाही त्याला आपल्याच शहरातली बातमी शत्रूच्या रेडिओवरून कळते. मुंबईच्या वर्तमानपत्रांत ती मे महिन्यात येते.

सात महिने थांबा आणि बघा. आठ हजार माणसं ढिगारा उपसतायत, पाच लाख टन दगड, लोखंड, राख. गोदी पुन्हा सुरू होते, कारण युद्ध अजून सुरू आहे आणि जहाजं ताटकळतायत.

मृतांची मोजणी करायला बसलेल्या कारकुनाच्या मागे उभे राहा. बंबखान्याचे 66 जवान गेले, त्यांची नावं आहेत. त्यांच्या आठवणीत आजही 14 ते 20 एप्रिल हा आठवडा देशभर अग्निशमन सप्ताह म्हणून पाळतात, आणि ते योग्यच आहे. कॅप्टन नेस्मिथचं नाव आहे. पण गोदीतल्या माणसांची यादी करताना कारकून थांबतो. एकूण आकडा कुठे आठशे, कुठे तेराशे. मधल्या पाचशे माणसांचं काय? सकाळी गेटवर टोळीवाल्याने कुणाला आत नेलं, हे ज्याला ठाऊक होतं तो टोळीवालाही त्या धक्क्यावर होता. घरून कामाला गेलेला माणूस परत आला नाही, तर बायकोने विचारायचं कुठे?

सोन्याचा शोध मात्र थांबत नाही. 1970 च्या दशकात गोदीचा गाळ काढणाऱ्या ड्रेजरच्या तोंडी आणखी विटा लागतात. त्या क्रमांकांवरून ओळखल्या जातात.

आता पुन्हा मागे या. शेवटचा टप्पा, स्फोटानंतरच्या सात वर्षांचा. 1948 साली गोदी कामगारांच्या रोजगाराचं नियमन करणारा कायदा झाला. तो त्या स्फोटामुळे झाला असं मी म्हणणार नाही, टोळीवाल्याच्या मर्जीवरच्या रोजंदारीविरुद्ध कामगारांनी वर्षानुवर्षं केलेल्या लढ्याचा तो भाग आहे. 1951 मध्ये मुंबईत डॉक लेबर बोर्ड उभं राहिलं. त्याच्या खिडकीसमोर रांग लागलीये. पुढचा माणूस नाव, बापाचं नाव आणि गाव सांगतोय, कारकून रजिस्टरात लिहितोय आणि त्याला क्रमांक देतोय. कामावर हजर राहून काम मिळालं नाही तर हजेरीचे पैसे मिळणार आहेत. माणूस कागद घडी करून खिशात ठेवतो आणि विचारतो, उद्या कोणत्या गेटवर?